बाईंचा दंत्य ‘च’ आणि माझे भाषांतर

श्रीमती शालिनीताई देवस्थळी यांची आणि माझी पहिली भेट कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या राज्य अतिथिगृहाच्या उपाहारगृहात झाली, आणि त्या भेटीत मी पोहे खाता खाता हरलो. पुण्याहून संस्कृतात एम. ए. करून एका मराठी दैनिकाचा दिल्लीतला कनिष्ठ वार्ताहर म्हणून मी रुजू झालो त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. संस्कृत शिकलेल्या माणसाला वर्तमानपत्रात का घेतात हे मला आजही कळलेले नाही. बहुधा मृत्युलेख नीट लिहील, असे त्यांना वाटत असावे.

रविवारची सकाळ होती. शेजारच्या लांब टेबलाशी दहा-बारा मुले बसली होती. प्रत्येकासमोर चिंचेचा एकेक आकडा ठेवलेला, आणि पन्नाशीच्या एक बाई त्यांना दटावत होत्या, “खायची नाही अजून. आधी म्हणायची.” मुले एका सुरात ‘चिंच’ म्हणत होती, पण दोन्ही ‘च’ हिंदीतल्या ‘चाय’मधले निघत होते.

“पहिला च टाळ्याचा, दुसरा दातांचा. पुन्हा,” बाई म्हणाल्या.

“पण बाई, दोन्ही सेम तर आहेत ना?” सात-आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली. तिचे नाव केतकी, हे मला नंतर कळले.

“सेम नाहीत.”

“लिहायला तर सेम आहेत.”

“लिहायला तुझं आणि तुझ्या दादाचं आडनावही एकच आहे. तुम्ही सेम आहात का?”

“नाही यार बाई, तो इडियट आहे!”

“मग तसंच. आणि मला यार म्हणायचं नाही.”

इथे माझ्यातला पंडित जागा झाला. मी पोह्यांची बशी हातात घेऊनच म्हणालो, “क्षमा करा, पण शास्त्रात दंत्य चकार नाही. च हा तालव्य वर्ण आहे.”

“कुठल्या शास्त्रात?”

“संस्कृत व्याकरणात.”

“संस्कृतात कांदेपोहेही नाहीत,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही खाताय ना?”

मुले खदखदून हसली. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी ‘शास्त्रीबुवा’ झालो, तो आजतागायत.

शालिनीताईंच्या या गौरवग्रंथाच्या तरुण वाचकांसाठी हा वाद थोडा उलगडून सांगतो. ‘चंद्र’ म्हणून पाहा: जीभ टाळ्याला लागते. ‘चांदणे’ म्हणून पाहा: जीभ दातांमागे जाते. लिपीत दोघांचा च एकच. ज्याच्या कानावर घरीदारी मराठी पडते त्याला हा भेद शिकवावा लागत नाही. पण जे मूल दिवसभर दिल्लीच्या शाळेत हिंदी बोलते आणि घरी फक्त “जेवायला चल” एवढे मराठी ऐकते, त्याच्या तोंडून दातांचा च आधी नाहीसा होतो. मग बाकीची भाषा हळूहळू त्याच्या मागून जाते, असे शालिनीताईंचे मत. त्या म्हणत, “शब्द गेला तर कोशात सापडतो हो. उच्चार गेला की तो कुठे शोधणार? तो तोंडातच असतो.”

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. आठवड्याचे बाकी दिवस त्या फायलींच्या होत्या आणि रविवार आमच्या मुलांचा. फरीदाबादच्या घरून दोन वाहने बदलून, हातात चिंचेची पुडी आणि वाचनाची वही घेऊन, त्या दर रविवारी येत. सुरुवातीला सरकारी नोकरांची मुले होती. पुढे गुरुग्राम आणि नॉयड्याच्या कंपन्यांमधून पुण्या-मुंबईची मंडळी आली, तशी त्यांची मुले आली. वर्गात पाठ्यपुस्तक नव्हते. बाई गोष्ट वाचून दाखवत, मग मुले वाचत. शालिनीताई वाचू लागल्या की मुलांना न्यायला आलेले पालक गाडी सुरू करायचे विसरत. मी स्वतः कैक रविवारी बातमीच्या निमित्ताने तिथे रेंगाळलो आहे. तिथे बातमी कधीच नसे.

त्यांच्या वर्गाचा एकच कडक नियम होता: दुसऱ्याचे वाक्य आपण पुरे करायचे नाही. एकदा एक नवा मुलगा आला होता. तो फार अडखळत बोलायचा. ‘माझ्या आजोबांचं गाव’ या तीन शब्दांना त्याला इतका वेळ लागला की मलाच घाम फुटला. एका मुलाने मदतीच्या भावनेने मध्येच “गाव” म्हणून टाकले. बाईंनी त्याला वर्गाबाहेर नाही घालवले, नुसते म्हणाल्या, “त्याचं गाव तू कशाला घेतलंस? त्याला परत दे.” आणि मग त्या मुलाकडे बघत बसून राहिल्या, जणू त्यांना जगात दुसरे कामच नव्हते. मुलाने शेवटी गाव स्वतः म्हटले. हा प्रसंग मी त्या वेळी मोठ्या कौतुकाने माझ्या स्तंभात लिहिला होता. लिहिणे आणि शिकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

त्यांच्या मायेचा एक दाखला द्यावाच लागेल, कारण त्याचा पुरावा माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. लग्नाआधी एकदा मला टायफॉइड झाला आणि मी करोल बागेतल्या भाड्याच्या खोलीत तीन आठवडे पडून होतो. फरीदाबादहून रोज कुणा ना कुणाबरोबर मऊ भाताचा डबा येई. डब्याच्या झाकणाखाली त्या दिवशीच्या माझ्या वर्तमानपत्राचे एक कात्रण असे, लाल शाईने तपासलेले. मी आजारी असल्याने त्यातल्या बातम्या माझ्या नसत, हे मी चिठ्ठीने कळवले. उलट उत्तर आले: “म्हणूनच चुका कमी आहेत. लवकर बरे व्हा.”

गौरवग्रंथाच्या संपादक समितीने मला “चार चांगल्या ओळी” मागितल्या होत्या. त्या वर लिहून झाल्या. आता जे लिहितो ते समितीने मागितलेले नाही.

सहा-सात वर्षांपूर्वी शालिनीताईंच्या हातात पाण्याची बाटली दिसू लागली. वाचताना दर दोन ओळींनी त्या घोट घेत. डोळे लाल असत, आणि आत वाळू गेल्यासारखी त्या पापण्या मिटून उघडत. संध्याकाळी सांधे धरत, थकवा येई. दिल्लीत हे कुणाला होत नाही? दिवाळीच्या सुमाराला इथे धूर उतरला की सगळे शहर डोळे चोळत खोकते. त्यामुळे निदान करायला आम्हाला डॉक्टर लागला नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत एकाने गुलाबपाणी सुचवले, एकीने नाकात तूप सोडायला सांगितले, एका कंपनीवाल्याने हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचे मॉडेलसुद्धा सांगितले. “ताई, दिल्लीची हवा!” या दोन शब्दांवर सगळ्यांचे एकमत झाले. तर्कशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात: लक्षण इतके मोठे करायचे की त्यात सगळेच मावते, आणि म्हणून काहीच कळत नाही. मला हा दोष व्याख्येसकट पाठ होता. मीही “दिल्लीची हवा”च म्हणालो.

त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात त्यांनी कथावाचनाला नकार दिला. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. मी माईकवर म्हणालो, “शालिनीताईंनी यंदा मौनव्रत घेतलं आहे, सरकारी नोकरीत राहून गेलेलं व्रत निवृत्तीनंतर पुरं करताहेत.” टाळ्या पडल्या. ताईही हसल्या. हसताना त्यांचा वरचा ओठ हिरडीला चिकटला आणि त्यांनी तो बोटाने सोडवला, हे मी पहिल्या रांगेच्या पुढे उभा राहून पाहिले होते. पाहिले, एवढेच.

शेवटी त्यांनी डॉक्टरांना दाखवायचे ठरवले. दिल्लीत पत्रकाराचा एकच खरा उपयोग असतो, तो म्हणजे मोठ्या रुग्णालयात ओळख. ती माझ्याकडे होती. आम्ही रिक्षाने निघालो. वाटेत ताईंनी मला सगळे नीट सांगितले, ते शब्द मला अक्षरशः आठवतात: “शास्त्रीबुवा, चिंच समोर ठेवली तरी तोंडाला पाणी सुटत नाही हो. जीभ टाळ्याला चिकटते. पोळीचा घास पाण्याशिवाय खाली उतरत नाही. परवा वर्गात चिंच म्हणायला गेले तर दुसरा च निघेना.”

यापेक्षा नेमके लक्षण कुठल्या ग्रंथात लिहिलेले असेल, मला माहीत नाही. भूक, चव, मन यांतले काही त्यात नव्हते. तोंडात लाळ येत नाही, एवढेच सरळ सांगणे होते.

ताईंचे हिंदी मराठी वळणाचे आहे. चाळीस वर्षे दिल्लीत राहूनही “मेरा हिंदी” असेच म्हणतात. माझे हिंदी मात्र शुद्ध, आणि संस्कृतामुळे थोडे जास्तच शुद्ध. शिवाय ज्याची ओळख त्यानेच बोलायचे, अशी इथली रीत. बाहेर पन्नास माणसांची रांग, आत डॉक्टरांची घाई. मी बातमीचा पहिला परिच्छेद लिहावा तसे ताईंचे म्हणणे थोडक्यात आटोपले:

“डॉक्टर साहब, मूल बात यह है कि इनके मुँह में पानी नहीं आता. खट्टी चीज़ देखकर भी नहीं. भोजन में रुचि समाप्त हो गई है.”

“यानी भूख नहीं लगती.”

“जी, बिल्कुल.”

“नहीं, डॉक्टर साहब, भूख तो...” ताई म्हणाल्या.

“ताई, थांबा. मी सांगतो ना.”

ताई थांबल्या. डॉक्टरांनी केसपेपरवर पहिली ओळ लिहिली: भूक न लागणे. डोळ्यांतल्या वाळूबद्दल मी सांगितले तेव्हा ते हसले. “मैडम, दिल्ली में रहेंगी तो आँख में रेत भी रहेगी.” आम्हीही हसलो. डोळ्यांचे थेंब मिळाले आणि भूक वाढवणारे एक लाल औषध मिळाले.

हिंदीत ‘मुँह में पानी आना’ म्हणजे खावेसे वाटणे, हे मला माहीत नव्हते असे नाही. मराठीतही तोंडाला पाणी सुटण्याचा तोच अर्थ रूढ आहे. ताईंनी शब्दशः सांगितले, मी वाक्प्रचार ऐकला. आयुष्यभर वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांतला भेद मी लोकांना समजावत आलो. जिथे निव्वळ वाच्यार्थ हवा होता तिथे लक्ष्यार्थ पुढे केला, आणि वर “रुचि समाप्त” ही माझ्या पदरची भर घातली.

लाल औषधाचा गुण आला, हे सर्वांत वाईट. ताईंची भूक वाढली. घास उतरत नव्हता तो नव्हताच. “पूर्वी भूक नव्हती असं नाही, पण आता भूक उभी राहून घासाकडे बघत बसते,” असे त्या मला फोनवर म्हणाल्या. मी हे वाक्य फार सुंदर असल्याचे सांगितले.

पुढे आणखी दोनदा आम्ही तिथे गेलो. दर वेळी नवा डॉक्टर जुन्या कागदाची पहिली ओळ वाची आणि पुढे जाई. आमच्या धंद्यात हे रोज घडते. पहिल्या बातमीत चूक छापली की पाठोपाठच्या सगळ्या बातम्या तीच उतरवून घेतात, आणि मग खरे सांगणारा मनुष्यच खोटा ठरतो. एकदा ताईंच्या गालाखाली गाठीसारखी सूज आली. “या वयात गालगुंड!” म्हणून मंडळात थट्टा झाली. सूज उतरली आणि थट्टा राहिली. साडेतीन वर्षे अशी गेली.

या साडेतीन वर्षांत ताईंचे दात गेले. लाळ नसली की दात उघडे पडतात, हिरडीच्या कडेने किडतात, हे मी आता सांगू शकतो. तेव्हा मंडळातल्या बायका म्हणत, “गोड फार खाल्लं असेल,” नाहीतर “निष्काळजीपणा, दुसरं काय.” वरचे पुढचे चार दात निघाले. कवळी बसवली तर ती राहीना, कारण कवळीलासुद्धा धरून ठेवायला तोंडात ओल लागते. ज्यांनी तीस वर्षे दिल्लीच्या मुलांना जीभ दातांमागे न्यायला शिकवले, त्यांची जीभ दात शोधू लागली.

निदान झाले ते मी बरोबर नव्हतो त्या दिवशी. मी एका पत्रकार परिषदेत अडकलो आणि ताई एकट्याच करोल बागेत एका म्हाताऱ्या पंजाबी दंतवैद्यांकडे गेल्या. त्या बाजारात गाडीचा कुठलाही सुटा भाग मिळतो. माणसाचाही मिळेल, अशी ताईंना आशा होती. तिथे काय घडले ते ताईंनीच मला साभिनय सांगितले. दंतवैद्यांनी छोटा आरसा तोंडात घातला आणि तो गालाला आतून चिकटला. सोडवला, पुन्हा चिकटला.

“माताजी,” ते म्हणाले, “मेरा शीशा चिपक रहा है. आपके मुँह में पानी कहाँ है?”

“वही तो नहीं आता,” ताई म्हणाल्या.

“कब से?”

“बहुत साल.”

“आँखों में?”

“आँख में भी नहीं. रेत है.”

दंतवैद्यांनी आरसा बाजूला ठेवला. “यह दाँत की बीमारी नहीं है,” म्हणाले, आणि संधिवाताच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. नीट पाहावे, त्यांनी ‘मुँह में पानी’ हेच शब्द वापरले. म्हणजे हिंदीचा काही दोष नव्हता.

त्या डॉक्टरांकडे मात्र मी ताईंबरोबर गेलो. चाळिशीतल्या बाई होत्या, बोलायला सौम्य. माझे तोंड उघडण्याआधीच त्यांनी ताईंकडे पाहून विचारले, “आंटी, सूखी रोटी का एक कौर बिना पानी के निगल सकती हैं?”

“नहीं.”

“कब से नहीं?”

“चार साल होने आए.”

त्यांनी खालच्या पापणीत कागदाची एक अरुंद पट्टी अडकवली आणि पाच मिनिटे थांबायला सांगितले. निरोगी डोळ्यात अशी पट्टी भिजत जाते. ताईंच्या दोन्ही पट्ट्या टोकाशी जराशा ओल्या झाल्या आणि तिथेच राहिल्या. मग रक्त तपासले, खालच्या ओठाच्या आतून लाळेच्या ग्रंथीचा कणभर तुकडा घेतला. आठवड्याने नाव कळले: शोग्रेनचा आजार. शरीराचे रक्षण करायला ठेवलेले शिपाई आपल्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींना शत्रू समजून त्यांच्यावर चाल करून जातात. पूर्ण बरे करणारे औषध नाही. वेळेवर कळले तर डोळे, दात बरेच सांभाळता येतात. नावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहून ताई म्हणाल्या, “लिहितात स आणि ज, म्हणतात श? बघा शास्त्रीबुवा, लिपीवर विसंबू नये ते नये.”

पण मला सांगायचे आहे ते या डॉक्टरांकडच्या पहिल्या दिवसाचे. पट्ट्या काढल्यावर डॉक्टरांनी जुना केसपेपर चाळला आणि गोंधळून विचारले, “आंटी, इसमें तो भूख की शिकायत लिखी है. मुँह सूखता है, यह आपने किसी को बताया नहीं?”

मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचू लागलो.

“बताया था,” ताई म्हणाल्या. “मेरा हिंदी अच्छा नहीं है. मराठी में सोचते हैं ना. गलत बोल दिया होगा.”

“अरे, आपकी हिंदी तो बढ़िया है,” डॉक्टर म्हणाल्या, आणि पान उलटले.

माझी खुर्ची ताईंच्या खुर्चीला लागून होती. मी बोलायला हवे होते. साडेतीन वर्षांपूर्वी जिथे गप्प बसायचे तिथे बोललो, आणि जिथे बोलायचे तिथे गप्प बसलो. बाहेर आल्यावर मी विचारले, “ताई, तुम्ही असं का सांगितलंत?”

“मग काय सांगू? माझा वकील केस हरला म्हणून?”

“पण...”

“तुम्ही मुद्दाम नाही केलंत, मला ठाऊक आहे.” त्यांनी बाटलीतला घोट घेतला, तो तोंडात फिरवून गिळला. “पण थांबला असतात तर बरं झालं असतं.”

याहून जास्त त्या या विषयावर मला कधीही बोलल्या नाहीत. इतर कुणाशी तर नाहीच. म्हणून मंडळात आजही सर्वांची समजूत अशी आहे की शालिनीताईंना हिंदीत नीट सांगता आले नाही, त्यामुळे आजार उशिरा कळला. काहीजण सहानुभूतीने म्हणतात, काहीजण “इतकी वर्षं दिल्लीत राहून?” असे भुवया उंचावून म्हणतात. भाषेच्या शिक्षिकेच्या नावावर भाषेचा दोष लागला, आणि ज्याचा दोष तो याच मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात सूत्रसंचालन करतो आहे. या ग्रंथाच्या प्रती ज्या तीन-चारशे घरांत जातील तिथे एवढे एकच वाक्य पोहोचले तरी पुरे: ताईंनी बरोबर सांगितले होते, मी चुकीचे सांगितले.

आता ताईंची प्रकृती ठीक म्हणावी अशी आहे. डोळ्यांत दिवसातून कितीतरी वेळा थेंब घालावे लागतात. गोळ्या आहेत, त्यांनी तोंडाला थोडी ओल येते. दर काही महिन्यांनी तपासणी असते. नजर वाचली, सांधे हलतात. दात परत येत नाहीत. हाडात पक्के बसवायचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “पंचाहत्तराव्या वर्षी तोंडात बांधकाम नको.” एकदा त्या मला म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, गंमत ऐका. हल्ली मी चूक म्हणायला जाते आणि थूक निघते. आणि तेवढीच तोंडात नाही.” त्या हसल्या. मला हसता आले नाही, तेव्हा म्हणाल्या, “हसा हो. चांगला विनोद आहे.”

रविवारचा वर्ग चालू आहे. आता तो केतकी घेते. ती गुरुग्रामला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि तिचा दंत्य च टाळ्याच्या आसपासही फिरकत नाही. ताई शेजारी बसून ऐकतात. कुणाचा उच्चार घसरला की एक बोट वर करतात. मुलगा थांबतो, पुन्हा म्हणतो, बोट खाली येते. लोक मला समजावतात, की पाहा, बाईंचा च आता शंभर तोंडांत जिवंत आहे. हे खरे आहे, पण हे सांत्वन मी घेत नाही. त्या शंभरांत त्यांचे तोंड नाही. माझ्याकडे मंत्र्यांच्या भाषणांच्या ध्वनिफिती पेटीभर आहेत. ज्यांत काही सांगण्यासारखे नव्हते अशाही मी जपल्या. शालिनीताईंच्या वाचनाची एकही नाही. इतके रविवार मी तिथे ध्वनिमुद्रक खिशात घालून उभा राहिलो, आणि एकदाही कळ दाबली नाही. त्या पुढच्या रविवारीही वाचतीलच, असे मला वाटत होते.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी फरीदाबादला जाऊन ताईंना वाचायला दिला. डोळ्यांत थेंब घालून, मध्ये दोनदा थांबून, त्यांनी तो पुरा वाचला. मला वाटले, त्या कबुलीचा भाग काढायला सांगतील. त्यांनी तीन विशेषणे काढली, एका ऱ्हस्व उकाराचा दीर्घ केला, आणि म्हणाल्या, “‘माझी चूक’ हे चार ठिकाणी आलंय. एवढं नको. एकदाच लिहा, पण सरळ लिहा.” मी तसे केले आहे.

राहिली ती शुभेच्छा. ‘शंभर शरद पाहा’ असे म्हणण्याची आपली जुनी रीत. ही रीत घालणाऱ्यांनी दिल्लीचा शरद पाहिलेला नव्हता. डोळ्यांत पाणी नसलेल्या माणसाला असे शंभर शरद चिंतणे म्हणजे शापच. मी बाकीचे ऋतूही तपासून पाहिले. ग्रीष्मात लूचे गरम वारे, शिशिरात कोरडी थंडी, वसंतात धूळ. हवेत ओल असते असा इथे एकच ऋतू आहे, तेव्हा शालिनीताईंना मी श्रावण-भाद्रपद मोजून शतायुष्य चिंतितो. बाकीचे महिने त्यांनी थेंबांची बाटली जवळ ठेवून काढावेत. त्यांचे डोळे निवांत राहोत, घास सुखाने उतरो, रविवार एकही न चुको. आणि पुढच्या तपासणीला त्यांनी आपले म्हणणे आपल्याच हिंदीत, हवा तितका वेळ घेऊन सांगावे. मी त्यांची फाईल धरून बाहेरच्या बाकावर बसेन.